अण्णांची चाल

"यातला थोरला कोण?" अण्णांनी विचारलं.

जेवणाच्या टेबलावर दोन वायफाय डोंगल ठेवलेले होते. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले, काळे, बोटाएवढे. एकाला मी हातभर लांब अँटेना लावली होती, दुसऱ्याला बोटभर. दोन्ही एका छोट्या कॉम्प्युटरमध्ये खोचायचे होते. हा कॉम्प्युटर पत्त्यांच्या जोडाएवढा होता आणि त्याला ना पडदा होता ना कीबोर्ड.

"थोरला-धाकटा असं नसतं, अण्णा," मी म्हटलं. "आतलं लिनक्स त्यांना नावं देतं. एकाला डब्ल्यूलॅन शून्य, दुसऱ्याला डब्ल्यूलॅन एक."

"मग शून्य तो थोरला. शून्याच्या आधी कोण असतं?"

अण्णा म्हणजे माझे सासरे, भूपाल मगदूम. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर बुद्धिबळ खेळलेले, एका कानात मशीन घालणारे. ही गोष्ट आता बरीच जुनी झाली. तेव्हा मला लग्न होऊन मिरजेला येऊन वर्षही झालं नव्हतं. माझा नवरा अभिनंदन चाकणला नोकरीला होता, शनिवारी यायचा. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. पुण्यातल्या एका कंपनीचं नेटवर्क मी माडीवरच्या खोलीत बसून सांभाळायची, आणि खाली अण्णा पेपर वाचायचे. आम्ही दोघंही फार सभ्य होतो, आणि ओळख वाढायला त्याच्याइतकी अडचण दुसरी नसते. "चहा ठेवू?" "ठेव की." दिवसभराचं आमचं बोलणं एवढंच.

पूर्वी सूर्यास्ताआधीचं जेवण झालं की अण्णा काखेत पट मारून बाहेर पडायचे. मित्राकडे जातो, एवढंच सांगायचे. मग दोन महिन्यांपूर्वी ते एकाएकी बंद झालं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि एक दिवस पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "मंगल कार्यालयात स्पर्धा आहे. मी नाव दिलंय."

"छान की."

"तुझंही दिलंय."

"माझं? अण्णा, मला घोडा सोडून काही चालवता येत नाही. आणि तोही चुकतो."

"खेळायला कोण सांगतंय? लाईव्हला. त्यांचा लाईव्हवाला यंदा नाही. मी कमिटीत सांगून आलोय, माझी सून करील. घरबसल्या चाली दिसल्या पाहिजेत, नाहीतर मी खेळणार नाही."

"कुणाला दिसायला हव्यात?"

"लोकांना," अण्णा म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं.

मला वाटलं, अभिनंदनसाठी असेल. बापाचा खेळ मुलानं बघावा, पण तसं तोंडानं म्हणायचं नाही, असा सगळा मामला असेल. मी जास्त खोलात गेले नाही.

काम मात्र मजेचं निघालं. कोल्हापूरच्या एका क्लबाने पाच पट उसने दिले होते. त्यांच्या पोटात तारा होत्या, सोंगटी उचलून ठेवली की चाल आपोआप टेबलाखालच्या लॅपटॉपवर उमटायची. अडचण होती ती चाल बाहेर पाठवण्याची. कार्यालयाचं इंटरनेट अंगणापलीकडच्या ऑफिसात, हॉलच्या भिंती जाड, आणि मॅनेजर अंगणातून वायर ओढू देईना. म्हणून छोटा कॉम्प्युटर आणि दोन डोंगल. लांब अँटेनावाला हॉलमधल्या हॉलमध्ये वायर लावून खिडकीत बसवायचा, तो ऑफिसातलं इंटरनेट पकडणार. आखूड अँटेनावाला हॉलपुरतं एक छोटं नेटवर्क तयार करणार, त्याला लॅपटॉप जोडलेला. एकानं बाहेरचं बघायचं, एकानं घरातलं.

"म्हणजे थोरला बाहेर कमवायला आणि धाकटा घर सांभाळायला," अण्णा म्हणाले. "आणि नावं रोज हीच राहतात का यांची?"

"राहतात. मी चार दिवस चालू-बंद करून बघतेय, तशीच येतात."

"बरं. आणि धाकट्याच्या नेटवर्कला नाव काय दिलंस?"

"अजून काही नाही."

अण्णांनी जरा विचार केला. "अण्णांची चाल, असं दे."

"स्पर्धेत तुम्हीच खेळणार आणि तुमच्याच नावाचं नेटवर्क? लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिसणार कुठं? तूच म्हणालीस, ते हॉलच्या बाहेर जात नाही. हॉलमध्ये कुणाच्या खिशात फोन नसतो." मग जरा खाकरून म्हणाले, "माझ्या नावानं काही चालू झालेलं मला कधी बघायला मिळालं नाही. पाटबंधाऱ्यात कालव्यांना पुढाऱ्यांची नावं देतात."

मी ते नाव दिलं. जाताजाता त्यांनी मला एक फोन नंबर तोंडपाठ सांगितला. "ती लिंक का काय ती, या नंबरवर धाड. नाव सतार म्हणून ठेव."

"कुणाचा आहे?"

"सतारीचा," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

स्पर्धेत पहिल्या दिवसापासून एक गोष्ट झाली, ती म्हणजे अण्णा जिंकायला लागले. मला खेळातलं कळत नव्हतं, पण कमिटीतली म्हातारी मंडळी त्यांच्या पटामागे उभी राहून एकमेकांकडे बघायची, ते मला दिसत होतं. घरी जाताना स्कूटरवर मी म्हणायची, "अण्णा, आज पण जिंकलात." मागून उत्तर यायचं, "रस्त्याकडे बघ." पण माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात ताल धरत असायचा.

शेवटच्या फेरीत ते पहिल्या पटावर बसले. समोर कराडची ईरा कणसे, बारा वर्षांची. दोन वेण्या, आणि खुर्चीवर उशी ठेवून बसलेली. हॉलमध्ये आदल्या आठवड्याच्या लग्नाचा मांडव अर्धाच काढलेला होता. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. त्यातल्या नवरीच्या खुर्चीवर मुख्य पंच वसुंधरा आठल्ये बसायच्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, बारीक चण, मोठा चष्मा. नवऱ्याच्या खुर्चीवर ट्रेमध्ये सगळ्यांचे जमा केलेले फोन. त्यात माझाही होता. मी स्टेजच्या कोपऱ्यात छोटा कॉम्प्युटर आणि माझा लॅपटॉप घेऊन बसले होते. आईबाप बाहेर अंगणात फोनवर लाईव्ह बघत होते.

डाव रंगात आला आणि वीज गेली. खेळणाऱ्यांची घड्याळं सेलवरची, त्यामुळे खिडकीच्या उजेडात खेळ चालू राहिला. जनरेटर लागला, छोटा कॉम्प्युटर परत चालू झाला, पण लाईव्ह काही परत येईना. ऑफिसचं इंटरनेट सापडतच नव्हतं. मी शोधत असतानाच दारात गलबला झाला आणि ईराचे वडील, डॉक्टर कणसे, फोन हातात धरून आत आले.

"मॅडम, डाव थांबवा," ते आठल्येबाईंना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण कापत होता. "हे बघा. अंगणात एक नवीन नेटवर्क दिसतंय. फुल रेंज. नाव वाचा."

आठल्येबाईंनी चष्मा सरसावून वाचलं. मग सावकाश माझ्याकडे बघितलं. मग पहिल्या पटाकडे गेल्या आणि घड्याळ थांबवलं. बाकीचे पट चालू होते, म्हणून त्यांनी सगळ्यांना स्टेजवर बोलावलं: अण्णांना, ईराला, डॉक्टरांना.

"अण्णांची चाल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे काय आहे, मगदूम?"

"हॉलचं नेटवर्क आहे," मी म्हटलं. "लाईव्हचं. मी चालवतेय."

"आणि तुम्ही यांच्या सूनबाई," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"यांच्या कानात मशीन. हल्लीची मशीन फोनला जोडता येतात, मी डॉक्टर आहे, मला माहीत आहे. सून नेटवर्क चालवते. नेटवर्कचं नाव अण्णांची चाल. मॅडम, मी कुणावर आरोप करायला आलो नाही, पण माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?"

खरं सांगायचं तर मी पण तेच समजले असते. अण्णांचं नाव लबाडीसाठी वर संघटनेकडे पाठवलं गेलं असतं तर ज्या माणसानं जन्मभर हा एकच खेळ खेळला, त्याला परत कुठल्या पटावर बसता आलं नसतं.

"नाव कुणी ठेवलं?" आठल्येबाईंनी विचारलं.

सासऱ्यांचं नाव सांगायचं की खोटं बोलायचं, हे ठरत नव्हतं.

"मी ठेवलं," अण्णा म्हणाले. "हौस म्हणून. तिनं नको म्हटलं होतं." मग त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि आठल्येबाईंच्या हातावर ठेवलं. "हे तुमच्याकडे राहू दे. नवं नाही, बारा वर्षं जुनं आहे. याला फोन जोडला तर फोनच बहिरा व्हायचा."

ईरा हसली. तिच्या वडिलांनी तिच्याकडे बघितलं, तशी ती वेणीचं टोक बघायला लागली.

"आता मला काही ऐकू येत नाही," अण्णा मोठ्यानं म्हणाले. "काय ते तिला विचारा." आणि नवऱ्याच्या खुर्चीवरचा फोनांचा ट्रे टेबलावर ठेवून तिथं निवांत बसले.

मी छोटा कॉम्प्युटर लॅपटॉपला जोडला आणि सगळ्यांसमोर बघायला सुरुवात केली. पहिल्यांदा डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या फोनवर नाव दिसतंय ना, तिकडेच बघा. आणि खिडकीतला लांब अँटेनाचा डोंगल उपसला. नाव गेलं. परत खोचला, नाव आलं.

आणि तिथंच माझ्या लक्षात आलं. खिडकीतला थोरला. त्याचं काम बाहेरचं इंटरनेट आणायचं. तो नेटवर्क कशाला पसरतोय? ते तर धाकट्याचं काम.

मी क्रमांक तपासले. प्रत्येक डोंगलवर कारखान्यातच एक कायमचा क्रमांक घातलेला असतो, तो बदलत नाही. थोरल्याच्या क्रमांकापुढे नाव दिसत होतं डब्ल्यूलॅन एक, आणि धाकट्याच्या पुढे डब्ल्यूलॅन शून्य.

"नावं उलटी झालीत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मॅडम, समजा एका बंगल्याला दोन वॉचमन आहेत. नियम असा की सकाळी जो आधी उठेल त्याचं नाव एक नंबर, आणि एक नंबरनं गेटवर जायचं, दोन नंबरनं घरात थांबायचं. रोज तोच आधी उठतो म्हणून कुणाला काही वाटत नाही. आज वीज जाऊन आली आणि दुसरा आधी उठला. कॉम्प्युटरला काय, तो नावावर चालतो. घरातलं काम त्यानं खिडकीतल्या लांब अँटेनावाल्याला दिलं. म्हणून हॉलपुरतं नेटवर्क अंगणभर पसरलं. आणि बाहेरचं काम बोटभर अँटेनावाल्याला, त्याला ऑफिस दिसत नाही, म्हणून लाईव्ह बंद पडलं."

"दोन्ही एकाच वेळी झालं, हे खरं आहे," आठल्येबाई म्हणाल्या. "लाईव्ह बंद पडलं कधी, डॉक्टर?"

"वीज गेली तेव्हाच. म्हणून तर मी वायफाय बघायला गेलो."

"आणि हे बघा, या नेटवर्कला आता जोडलेलं एकच यंत्र आहे," मी पडदा त्यांच्याकडे वळवला. "पटाखालचा लॅपटॉप. दुसरं काही नाही."

डॉक्टरांनी पडदा वाचला. ते प्रामाणिक माणूस होते, हे मला तेव्हा जाणवलं, कारण ते वाचून त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काही आलं. पण ते थांबले नाहीत.

"हे मान्य. पण एक गोष्ट राहते, मॅडम. मी यांचे जुने डाव काढून बघितले. वर्षानुवर्षं हा माणूस एकच खेळ खेळतो. सगळी प्यादी एकमेकांत अडकवायची, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि समोरचा कंटाळेपर्यंत बसायचं. आणि या स्पर्धेत? उंट देतात, हत्ती देतात, सगळा पट उघडा टाकतात. या यांच्या चालीच नाहीत."

"हे मात्र मलाही खटकतंय," आठल्येबाई म्हणाल्या. "मी यांना पंचवीस वर्षं बघतेय. यांच्या डावाला पंच म्हणून बसायचं म्हणजे मी विणकाम घेऊन यायची."

मला खेळातलं कळत नव्हतं. त्यामुळे मी अण्णांकडे बघितलं, आणि क्षणभर, एकच क्षण, मलाही शंका आली. हा माणूस माझ्या घरातला असला तरी मला कुठं माहीत होता?

आठल्येबाईंनी अण्णांच्या कानाशी वाकून विचारलं, "मगदूम, या स्पर्धेतल्या चाली तुमच्या नाहीत, असं डॉक्टर म्हणतात."

"बरोबर म्हणतात," अण्णा म्हणाले. "माझ्या नाहीत. दस्तगीरच्या आहेत."

डॉक्टरांनी हातानंच विचारलं, कोण?

"दस्तगीर सतारमेकर. चाळीस वर्षं मी त्याच्या दुकानात जाऊन खेळतोय. भोपळे, तुंबे, लाकडाचा भुसा, त्यात आमचा पट. तो असाच खेळतो, उधळ्यासारखा. आणि मी चाळीस वर्षं त्याला सांगतोय, हा काय खेळ आहे का, संसार असा करशील का. यंदा त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. तरी मी जायचो. एक दिवस त्याच्या हातातून सारखी सोंगटी पडायला लागली. मला बघवेना. मी मुद्दाम हरलो." अण्णा थांबले. ऐकू येत नसल्यानं त्यांचा आवाज मोठा होता, खालच्या पटांवरचे खेळाडूही वर बघायला लागले होते. "त्याला कळलं. कळणारच. म्हणाला, भूपाल, दया करायला माझ्या घरी येऊ नको. दोन महिने झाले, फोन उचलत नाही. मग म्हटलं, आपण स्पर्धेत जाऊ आणि तो खेळायचा तसं खेळू. त्यानं घरी पडल्यापडल्या बघावं. त्याचा खेळ मी उगीच हसण्यावारी नेत नव्हतो, मला तो पाठ आहे, हे त्याला कळावं. म्हणून लाईव्ह पाहिजे होतं."

ईरा म्हणाली, "म्हणजे मी एकाच वेळी दोन आजोबांशी खेळतेय?"

"दोघांत मिळून दोनच कान आहेत, घाबरू नको," आठल्येबाई म्हणाल्या.

डॉक्टर मान हलवत होते. "गोष्ट चांगली आहे. पण हे दस्तगीर खरंच आहेत कशावरून? आणि असले तर या घडीला ते काय करतायत?"

ट्रेमध्ये माझा फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं: सतार. आठल्येबाईंनी माझ्याकडे हात पसरून मला थांबवलं, फोन स्वतः उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"सूनबाई," पलीकडून जड, ओढलेला आवाज आला. शब्द एकेक करून येत होते. "मी सतारमेकर. लाईव्ह का बंद पडलं? मी इथं काय भिंत बघत बसू? घोडा दिला का त्यानं?"

"मी पंच बोलतेय," आठल्येबाई म्हणाल्या. "तुम्ही मगदुमांना चाली सांगता का?"

"मी? त्याला? बाई, मी दोन महिने त्याच्याशी बोलत नाही. आणि चाळीस वर्षं सांगत होतो, ते ऐकलं का त्यानं? घोडा दे म्हणावं, घोडा. तुम्ही सांगा. माझं नाव नका सांगू."

खालच्या पटांवर कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. ज्याला डावात पुढे काय झालं हेच माहीत नाही, तो चाली काय सांगणार, हे डॉक्टरांना कुणी समजावून द्यावं लागलं नाही. त्यांनी आपला फोन खिशात घातला आणि कपाळ पुसलं. "मी बाहेर बसतो," ते म्हणाले.

आठल्येबाईंनी फोन बंद केला. अण्णा आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी गेले. "दस्तगीरचाचा. ते लाईव्ह बघत होते, अण्णा."

अण्णांनी गुडघ्यावरचा पंचा उचलला, घडी केली, परत ठेवला. "काय म्हणाला?"

मी तोंड उघडलं, आणि आठल्येबाईंनी बोट वर केलं. "ते सांगता येणार नाही. बाहेरून आलेली चाल ती बाहेरचीच. डाव संपेपर्यंत एक शब्द नाही." मग त्या ईराकडे वळल्या. "तू मात्र ऐकलंस."

"ऐकलं," ईरा म्हणाली. "चालेल ना?"

"तुझे कान चांगले आहेत, त्याला नियम नाही."

डाव परत सुरू झाला. मशीन आठल्येबाईंच्या पर्समध्ये. लाईव्ह चालू ठेवायला त्यांनी परवानगी दिली, पण चाली पाव तास उशिरा दाखवायच्या या अटीवर. अण्णांना हे लिहून दाखवलं तर म्हणाले, "चालेल त्याला. माझ्या एकेका चालीला तो दुकानातली एक खुंटी तासून घ्यायचा." आणि आठल्येबाई मला म्हणाल्या, "तुमच्या त्या दोन वॉचमनना आता पक्की नावं द्या. आणि नेटवर्कचं नाव बदला."

मी बसून ते काम केलं. दोन ओळींचं होतं: हा क्रमांक म्हणजे बाहेरचा, हा क्रमांक म्हणजे घरातला, आधी कुणीही उठो. शून्य आणि एक काढूनच टाकलं. तीन वेळा बंद करून चालू केलं, तिन्ही वेळा ज्यानं त्यानं आपलीच जागा धरली. लाईव्ह आलं. मग मी पहिल्यांदा नीट डाव बघितला, म्हणजे अण्णांचा चेहरा बघितला.

ते घोड्याकडे बघत होते. फार वेळ. घड्याळ पळत होतं आणि त्यांचा हात दोनदा प्याद्याकडे गेला, घराची कडी लावून घ्यायला जावा तसा, आणि दोनदा परत आला. त्या हॉलमध्ये त्यांनी काय करावं हे माहीत नसलेले ते एकटेच होते. शेवटी त्यांनी घोडा उचलला आणि ईराच्या राजापुढे नेऊन ठेवला. फुकटात.

माझ्या मागे आठल्येबाईंनी श्वास सोडला. ईरानं मात्र लगेच उत्तर दिलं, जणू खिशात ठेवलं होतं. आणि मग तासाभरात अण्णा हरले.

त्यांनी हात पुढे केला. ईरानं तो दोन्ही हातांनी धरला. आठल्येबाईंनी पर्समधून मशीन काढून दिलं, ते अण्णांनी कानात घालेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "आजोबा, मला आधीच कळलं होतं. फोनवरचे आजोबा म्हणाले ना, घोडा दे म्हणावं."

"तो असं म्हणाला?" अण्णा माझ्याकडे वळले. "घोडा दे म्हणाला?"

"हो."

"घोडाच? नक्की?"

"घोडाच, अण्णा. सगळ्यांनी ऐकलं."

हरल्यावर इतका खूश झालेला माणूस मी त्यानंतर बघितला नाही. बक्षीस समारंभाला ते थांबलेच नाहीत. स्कूटरवर मागे बसले आणि म्हणाले, "घरी नको. सतारमेकर गल्लीत घे."

गल्लीत एका माडीवरच्या खोलीत दस्तगीरचाचा पलंगावर उशांना टेकून बसले होते. दार त्यांच्या सुनेनं, रिझवानानं उघडलं आणि काही न बोलता बाजूला झाली. अण्णा उंबऱ्यातच थांबले. आत ये, असं कुणी म्हणेना.

"घोडा दिलास," चाचा म्हणाले.

"दिला."

"मला शेवटचं दिसलं तेव्हा तिचा हत्ती कोपऱ्यात होता. मग वीज गेली. नंतर तिनं हत्ती मधे आणला. मला कुठं दिसत होतं. तुला तर दिसत होतं की नाही?"

"दिसत होतं."

"मग दिलास कशाला?"

"मला वाटलं, तू दिला असतास."

"मी वेडा आहे काय?" चाचांच्या तोंडाची एकच बाजू हलत होती, पण ती हसत होती. "तुझं खेळला असतास तर जिंकला असतास. दारं लावून बसायचं होतंस. पोर कंटाळून हरली असती."

"तुझा खेळ खेळायचा होता मला."

"हं." चाचा खिडकीकडे बघत राहिले. "आणि मी इथं तुझा खेळतोय. माझा डॉक्टर म्हणतो घाई नाही करायची. मग म्हटलं, भूपालसारखं खेळू. काही द्यायचं नाही, काही उघडायचं नाही, नुसतं बसायचं. दोन महिने बसलोय. कसा खेळतोस रे हे चाळीस वर्षं? जीव जातो."

अण्णा आत गेले. पलंगाच्या कडेला बसले आणि कोपऱ्यातला पट ओढून त्यांनी सोंगट्या मांडल्या.

मी आणि रिझवाना दारात उभ्या राहिलो. चाचा डाव्या हातानं खेळत होते. मधेच त्यांचा वजीर बोटांतून निसटला आणि पलंगाखाली गेला. रिझवाना पुढे झाली तशी चाचांनी तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि ती थांबली. अण्णा हलले नाहीत. हात मांडीवर ठेवून पटाकडे बघत बसले. चाचांनी कुबडी घेतली, वाकले, कुबडीनं वजीर पुढे ओढला, उचलला, फुंकर मारून जागेवर ठेवला. याला किती वेळ लागला कोण जाणे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि अण्णांच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नव्हती.

मग त्यांनी चाचांचा उंट घेतला. मग हत्ती घेतला. मग एकेक करून सगळं घेतलं.

"मात," अण्णा म्हणाले.

चाचा पटावर वाकून इकडून तिकडून बघत होते, कुठं सवलत लपवलीय का ते शोधत. सापडली नाही. त्यांनी उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"आता बरं वाटलं," ते म्हणाले. "उद्या लवकर ये."